ओव्हाळांच्या कॉम्प्युटरची खातेनिहाय चौकशी

यंत्रणा मंदावली की तिच्यावर आधी एक चौकशी बसवावी लागते. चौकशीमुळे ती आणखी मंदावते आणि मग मूळ मंदपणाबद्दल फारसे कुणी बोलत नाही. चौतीस वर्षांच्या सरकारी नोकरीत दशरथ ओव्हाळांनी या तत्त्वाला कधी तडा जाऊ दिला नाही. अधीक्षक म्हणून निवृत्त झाल्यावर विश्रांतवाडीच्या फ्लॅटमध्ये त्यांच्या हाताखाली घरचा कॉम्प्युटर तेवढा उरला होता. (पत्नी नंदाताई होत्या, पण हाताखाली नव्हत्या.)

हा कॉम्प्युटर मार्चपासून रांगत होता. अक्षर दाबून चहा टाकावा, चहा प्यावा, मग ते पडद्यावर उमटायचे. ओव्हाळांनी हेही खपवून घेतले असते. पण शनिवारी अकरा वाजता नंदाताईंची पाली एम.ए.ची तोंडी परीक्षा होती, व्हिडिओवर, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी. गेल्या खेपेला पहिल्याच प्रश्नाला पडदा गोठला आणि परीक्षकांनी ‘उत्तर नाही’ असा शेरा मारून पुढचा विद्यार्थी घेतला. उत्तर नंदाताईंना पाठ होते. त्या आठ दिवस धड बोलल्या नाहीत, आणि ते ओव्हाळांच्या जिवाला फार लागले होते.

म्हणून सोमवारी त्यांनी टास्क मॅनेजर उघडला. कोणता प्रोग्रॅम किती मेमरी खातो, याची त्यात यादी असते. इतके चोख हजेरीपुस्तक बऱ्याच वर्षांनी पाहून त्यांना भरून आले. एकूण वापर सत्त्याण्णव टक्के. पैकी ब्राउझर एकाहत्तर. एकमेकांवर पाळत ठेवणारे तीन अँटिव्हायरस मिळून पंधरा. मेमरी साफ करून देणारे मोफत सॉफ्टवेअर दहा. आणि नंदाताईंची पालीची टिपणे एक.

पहिली कारवाई अर्थातच टिपणांवर झाली. (सर्वांत कमी खाणारा सर्वांत आधी सापडतो, हे खात्यात सर्वमान्य आहे.) टिपणांची पेनड्राइव्हवर बदली झाली, वापर शहाण्णववर आला आणि ‘प्रगती समाधानकारक’ अशी नोंद झाली.

ब्राउझरला मात्र हात लावता येईना. त्यात एकशे बारा टॅब उघडे होते आणि एकूण एक प्रकरण प्रलंबित होते: गुडघेदुखीवर मेथी, मांजरी गावातल्या नव्या फ्लॅटचे नकाशे (घ्यायचा नव्हता), आणि ‘कॉम्प्युटर स्लो का होतो’ या एकाच विषयावरचे एकोणचाळीस. अर्धवट वाचलेला टॅब मिटणे म्हणजे निर्णय न देता फाइल बंद करणे. ते पाप त्यांनी नोकरीत केले नव्हते. (निर्णयही दिले नव्हते, पण तो वेगळा मुद्दा.)

खराडीला आयटीत असलेल्या लेकीचा, अक्षताचा, फोन आला.

“बाबा, रीस्टार्ट मारून बघितलंत का?”

“अगं, कारण सापडल्याशिवाय?”

“शेवटचं बंद कधी केला होता?”

“मी नाही केला. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये लाइट गेले होते.”

शुक्रवारी अहवाल तयार झाला. पाने चोवीस, स्क्रीनशॉट दोनशे दहा. तो उघडताच वापर नव्व्याण्णव टक्के झाला. निष्कर्ष: चौकशीस मुदतवाढ मिळावी.

शनिवारी पावणेअकराला नंदाताई इस्त्रीची साडी नेसून समोर बसल्या. पडद्यावर ते गोल चक्र फिरत राहिले. दहा मिनिटे गेली.

“अहो, आपली चौकशी आटोपली असेल तर माझी परीक्षा होऊ द्या,” असे म्हणून त्यांनी वाकून भिंतीवरचे बटण बंद केले आणि पुन्हा लावले. ओव्हाळ ‘थांब’ म्हणेपर्यंत सगळे संपले होते.

तीन मिनिटांत कॉम्प्युटर नव्या नवरीच्या उत्साहाने उभा राहिला. परीक्षा वीस मिनिटे चालली, पडदा एकदाही अडला नाही, आणि एका उत्तराला परीक्षक चक्क “वा!” म्हणाले. दाराआड उभ्या ओव्हाळांनी ते ऐकले. त्यांना मनापासून आनंद झाला आणि लगेच आपले एकशे बारा टॅब आठवले.

दुपारी त्यांनी नष्ट झालेल्या प्रकरणांची यादी करायला घेतली. संध्याकाळपर्यंत एक ते एकशे बारा अनुक्रमांक सुबक अक्षरात लिहून झाले होते. शेजारचा ‘विषय’ हा रकाना कोरा होता. एकही आठवत नव्हता.

हसायला हरकत नाही. फक्त आपल्या मोबाइलवरचे उघडे टॅब एकदा मोजावेत आणि त्यांतला कोणताही एक बंद करावा. तो नको? कामाचा आहे? बरं, मग दुसरा.