लोंब्याची आई आणि गाईडमधली आई

एका जंगलात चक्क एक शाळा होती. हसताय काय? माणसांना शाळा काढता येते, मग जनावरांनी काय घोडं मारलंय?

नीट बसा बघू. त्या कोपऱ्यातल्या बाळाने आधी नाकातलं बोट बाहेर काढावं, तोवर गोष्ट पुढे जाणार नाही.

हं. तर या शाळेत बगळे गुरुजी मराठी शिकवायचे. पांढरेशुभ्र, लांब मानेचे, आणि एका पायावर उभं राहून शिकवणारे. अक्षर वळणदार, उच्चार स्वच्छ, आणि पंखाखाली कायम एक गाईड. त्या गाईडमध्ये जगातले सगळे निबंध होते. गुरुजी त्यातला निबंध फळ्यावर उतरवायचे. मुलं तो वहीत उतरवायची. घरी जाऊन घोकायची आणि परीक्षेत पुन्हा उतरवायची. याला लेखनकौशल्य म्हणतात बरं का.

वर्गात वटवाघळाचं एक पिल्लू होतं. नाव लोंब्या. शाळा दिवसाची, आणि वटवाघळं झोपतात दिवसा. बिचारा पेंगत पेंगत यायचा. त्यात पाचवीचा वर्ग उघड्या कातळावर भरायचा. उन्हाने लोंब्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायचं. सहावीचा वर्ग मात्र वडाखाली होता. गार सावली, आणि लटकायला हव्या तेवढ्या पारंब्या! लोंब्याला आयुष्यात एवढंच हवं होतं, की एकदाचं पास होऊन सहावीत जावं.

एके दिवशी गुरुजींनी विषय दिला, 'माझी आई'. आणि फळ्यावर लिहिलं:

'माझी आई पहाटे उठते. ती अंगणात सडा घालते व रांगोळी काढते. ती मला गरम गरम पोळ्या वाढते. ती दिवसभर हसतमुखाने राबते. रात्री ती मला थोपटून झोपवते. अशी माझी आई मला फार फार आवडते.'

मगरीच्या पिल्लाने मुकाट्याने उतरवून घेतलं. साळिंदराच्या पिल्लानेही घेतलं. साळिंदराची आई थोपटते म्हणजे नेमकं काय होतं, ते तुम्ही विचारू नका आणि मी सांगणार नाही.

लोंब्याने मात्र फळ्याकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं, आणि स्वतःच्या मनाने लिहिलं:

'माझी आई संध्याकाळी उठते. ती उलटी लटकून झोपते. ती मला पोटाशी धरून उडते. जड झालास मेल्या, असं म्हणते, पण सोडत नाही. तिला लांबून उंबराचा वास येतो. पिकलेलं उंबर ती मला देते आणि कच्चं आपण खाते. आईच्या अंगाला वास येतो. मला त्या वासाशिवाय झोप येत नाही.'

गुरुजींनी लाल शाईने भला मोठा भोपळा दिला. खाली शेरा मारला, 'पालकांनी भेटावे.'

लोंब्याची आई भर दुपारी आली. डोळ्यांवर पंख धरून, दगडाला धडकत, झुडपाला अडखळत.

"गुरुजी, काय चुकलं हो पोराचं?"

"बाई, आईवर निबंध लिहायला सांगितला, तर म्हणे आई उलटी लटकते!"

"लटकतेच की मी."

"अहो, घरी लटका. निबंधात लटकून कसं चालेल?"

"पण त्यानं काही खोटं लिहिलंय का?"

"खोटं असतं तर दोन गुण तरी दिले असते. सगळं खरं आहे. तिथंच तर घोळ झालाय!"

आईने भीत भीत विचारलं, "मग पहिला कोण आला?"

गुरुजींची मान अभिमानाने आणखी लांब झाली. "कोकिळेचं पिल्लू. पैकीच्या पैकी!"

"अगं बाई! ते तर कावळ्याच्या घरट्यात वाढलं. त्यानं आईचं तोंडसुद्धा पाहिलेलं नाही."

"म्हणूनच. त्याच्या निबंधात आईची जरासुद्धा लुडबुड नाही," गुरुजी म्हणाले. "हे बघा, वार्षिक परीक्षेत हाच निबंध येणार. त्यात भोपळा मिळाला की लोंब्या पुन्हा पाचवीत, याच कातळावर. निबंध मला बदलता येत नाही, तो छापील आहे. आई बदलता येत असेल तर बघा."

एवढं बोलून त्यांनी पाय बदलला. भेट संपली, असा त्याचा अर्थ होता.

घरी आल्यावर आई म्हणाली, "लोंब्या, फळ्यावरचं लिहून टाक की रे."

"तूच सांगतेस ना, खोटं बोलायचं नाही म्हणून?"

झाली का पंचाईत! मुलांना चांगलं वळण लावलं की असं ते आपल्याच अंगाशी येतं. आईने खूप विचार केला. शेवटी ती म्हणाली, "बरं. तू खोटं लिहू नकोस. मी ते खरं करून दाखवते."

दुसऱ्या दिवसापासून लोंब्याची आई पहाटे उठू लागली. म्हणजे जी तिची झोपायची वेळ, तेव्हाच. पंख ओले करून तिने झाडावरून सडा घातला. तो नेमका खाली झोपलेल्या रानडुकरावर पडला. त्याने तिच्या सात पिढ्या उद्धरल्या. तिने उलटं लटकून रांगोळी काढली. पोळ्या काही जमेनात, म्हणून पळसाची पानं उन्हात तापवून वाढली. लोंब्याने ती कशीबशी चावली. दिवसभर ती डोळे चोळत, हसतमुखाने राबली. आणि रात्री, उंबराला जायच्या वेळी, तिने लोंब्याला थोपटून झोपवलं. झोप कसली येतेय? दोघंही उपाशी.

आई वाळत चालली. एका दुपारी उन्हात काही दिसेना, तेव्हा ती बाभळीवर आदळली आणि तिचा पंख फाटला. वर घार घिरट्या घालत होती. आई बाभळीत अडकली म्हणूनच वाचली.

मला तर सांगतानाही संताप येतो. पण मी हसतमुखाने सांगतोय, कारण गाईडमध्ये तसंच लिहिलंय.

लोंब्या तिच्या फाटक्या पंखाला बिलगून रडला. मग नाक पुसून म्हणाला, "आई, तू झोप. आत्ताच्या आत्ता उलटी हो आणि झोप. मी लिहितो फळ्यावरचं."

"अरे, पण खोटं..."

"असू दे. तू आहेस तशी राहा."

परीक्षा झाली. लोंब्याने निबंध लिहिला. सडा, रांगोळी, पोळ्या, सगळं जिथल्या तिथे. एक अनुस्वार इकडचा तिकडे नाही. गुरुजींनी पेपर तपासला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. दर वर्षी, प्रत्येक पेपरला, 'थोपटून झोपवते' या शब्दांपाशी यायचं.

"शाब्बास लोंब्या!" ते म्हणाले. "आता कसं मनापासून लिहिलंस. पैकीच्या पैकी!"

लोंब्या सहावीत गेला. पेपर घेऊन तो घरी आला. संध्याकाळ झाली होती. आई नुकतीच उठली होती. पंख आता बरा होत आला होता.

"वाच की रे," ती कौतुकाने म्हणाली. "बघू तरी काय लिहिलंयस."

लोंब्याने वाचला. स्वच्छ उच्चारात, जिथे थांबायचं तिथे थांबून. आईने मान हलवत सगळा ऐकला.

"किती गुणाची बाई रे!" ती म्हणाली. "कोणाची आई ही?"

लोंब्याने पेपरची घडी घातली. मग हळूच म्हणाला, "कोणाची नाही गं. परीक्षेत येते."

तात्पर्य : आईवर निबंध लिहायचा असेल, तर आईकडे बघू नये. गुण कापले जातात.