तीनशे बारा भोकांचा ठोकळा

रविवारी दुपारी दीड वाजता अप्पांनी आपल्या मुलीच्या दोन वर्षांच्या संशोधनाला पांढरा रंग दिला. त्याआधी त्यांनी त्यात लांबी, म्हणजे भेगा बुजवायची पुट्टी, भरली होती आणि पॉलिश पेपर मारला होता. लालबागच्या गणपतीच्या कारखान्यांत चाळीस वर्षं फिनिशिंग केलेल्या माणसाने जे जे करायला हवं, ते सगळं त्यांनी केलं. डोळ्यांची आखणी तेवढी राहिली, कारण ठोकळ्याला डोळे नव्हते.

यात आपलं काही चुकलं, असं अप्पांना वाटायचं कारणच नव्हतं. कपाटावर वीतभर उंचीचा प्लास्टिकचा ठोकळा होता आणि त्याला कुठूनही बघितलं तरी भोकंच भोकं. एक बाजू दुसरीसारखी नाही, रेघ म्हणून सरळ नाही. उद्या सकाळी अकराला ही वस्तू लोअर परळच्या संस्थेत समितीपुढे जाणार, एवढं त्यांना ठाऊक होतं. पोरीच्या गळ्यात कुणीतरी खराब माल मारला आणि ती मुकाट्याने घेऊन आली, असं त्यांचं ठाम मत झालं.

संस्थेतल्या यंत्रांची जुळवाजुळव करून मुलगी, कालिंदी, तीन वाजता घरी आली.

"अप्पा, कपाटावरचा ठोकळा कुठाय?"

"हा काय. हात नको लावू, रंग ओला आहे."

कालिंदी होती तिथेच लादीवर बसली. "तुम्ही भोकं बुजवलीत?"

"सगळी. तीनशे बारा."

"मोजलीत पण?"

"लांबी किती कालवायची ते कळायला नको?"

स्वयंपाकघरातून शांताबाई हात पुसत बाहेर आल्या. नवऱ्याकडे बघून त्यांनी कपाळाला हात लावला. "तुमका कोणी सांगितल्यान हात लावूक?"

"आपल्या पोरीचा काम. त्येका सांगूक कित्याक व्हया?" अप्पा म्हणाले.

कालिंदीने मग डोळे मिटून, सावकाश, शाळेतल्या मुलाला सांगावं तसं सांगितलं. मोबाइलच्या कॅमेऱ्यात रंग ओळखायला बारीक बारीक रंगीत काचा असतात. लाल काच लाल प्रकाश आत सोडते आणि हिरवा, निळा फुकट घालवते. म्हणजे तीनपैकी दोन भाग वाया. हा ठोकळा काही वाया घालवत नाही, नुसती निवडानिवड करतो. लाल या कोपऱ्यात, हिरवा त्या, निळा पलीकडच्या. खरा ठोकळा मिठाच्या कणाहूनही बारीक असायचा, म्हणून तपासणीपुरता हा हजारो पटींनी मोठा करून छापला होता. आणि ठोकळा मोठा, म्हणून प्रकाशाऐवजी त्यातून मायक्रोवेव्ह सोडायच्या होत्या, तीन रंगांच्या नावाने तीन प्रकारच्या.

"आणि भोकं?"

"भोकं म्हणजेच काम, अप्पा. एकेक भोक कुठे हवं ते ठरवायला कम्प्युटर सहा आठवडे चालला."

"सहा आठवडे? आणि एक बाजू धड सरळ नाही?"

"तुम्ही पण सरांसारखंच बोला."

सर म्हणजे तिचे मार्गदर्शक हेमचंद्र. चारही बाजू सारख्या कर, भोकं कमी कर, जरा बघण्यासारखं होऊ दे, असा त्यांनी वर्षभर धोशा लावला होता. कालिंदीने एक भोक हलवलं नव्हतं. उद्या ठोकळा चालला नाही, तर समिती काम बंद करणार किंवा सरांच्या सुबक आकाराच्या हवाली करणार. आणि नवा ठोकळा छापायला चार दिवस लागत होते.

अप्पांनी माफी मागितली नाही. ती सवय त्यांना नव्हती. त्यांनी फळीवरून हत्यारांचा डबा काढला, त्यातून कोरणी, दाभण आणि सायकलच्या चाकाची एक तार घेतली. "लांबी आतून ओली आहे अजून. बस माझ्या बाजूला."

कालिंदीने लॅपटॉपवर नकाशा उघडला.

"ते बंद कर."

"अप्पा, भोकं सरळ जात नाहीत. हे आत वळतं."

"डावीकडे. दोन बोटं गेलं की खाली. कुठलं भोक किती लांबी प्यायलं, त्यावरून कळतं."

तिने नकाशाशी ताडून पाहिलं. डावीकडे, मग खाली. ज्यासाठी तिने दोन वर्षं पडद्यात डोळे घातले, ते अप्पांच्या बोटांना एका दुपारत पाठ झालं होतं, आणि याचा तिला रागही आला. दिवेलागणीपर्यंत रंग खरवडून झाला, भोकं मोकळी झाली आणि ठोकळा पुन्हा पहिल्यासारखा कुरूप झाला.

सोमवारी अप्पा टॅक्सीत ठोकळा मांडीवर घेऊन बसले आणि प्रयोगशाळेतही कोपऱ्यातल्या स्टुलावर ठाण मांडून बसले. समितीच्या प्रमुख अंबिकाबाई फारसं बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी मान हलवली आणि कालिंदीने यंत्र सुरू केलं. लाल आपल्या जागी गेला. हिरवा गेला. निळा मात्र निम्माच पोचला.

हेमचंद्रांनी घसा साफ केला. "मॅडम, मी पहिल्यापासून सांगतोय. आकारच वेडावाकडा आहे. पाच-दहा भोकं इकडची तिकडे झाली तरी काही फरक पडत नाही, त्यापेक्षा चारही बाजू सारख्या करू."

"आकार बरोबर आहे, सर. मी एक भोक कमी करणार नाही," कालिंदी म्हणाली. पण तिचा आवाज कापला.

तो आवाज ऐकला आणि अप्पांना कालचं आठवलं. खालच्या कोपऱ्यातलं भोक. सगळ्यांत जास्त लांबी त्यानेच प्यायली होती आणि जेवढी प्यायली तेवढी परत दिली नव्हती. काल हे त्यांच्या लक्षात आलं होतं. एवढ्याशाने काय होतं, म्हणून त्यांनी ते सोडून दिलं होतं. चाळीस वर्षांत अप्पांनी कुणापुढे चूक कबूल केली नव्हती. ते उठले.

"पोरीचं चुकलेलं नाही. तिथे माझी लांबी अडकलीय."

"आपण कोण?" हेमचंद्रांनी विचारलं.

"फिनिशिंगवाला. तिचा बाप. काल मी सगळी भोकं बुजवली होती. चूक माझी, माझ्या नावावर लिहा. पण पोरीचं काम बघितल्याशिवाय कोणी उठायचं नाही."

कोणी उठलं नाही. अप्पांनी खिशातून तार काढली, खालच्या कोपऱ्यात घातली, डावीकडे वळवली आणि हरभऱ्याएवढा गोळा बाहेर ओढला. कालिंदीने यंत्र पुन्हा सुरू केलं. निळा सगळाच्या सगळा आपल्या जागी जाऊन बसला.

"एका भोकाने एवढा फरक?" अंबिकाबाई हेमचंद्रांकडे वळल्या. "तुम्ही पाच-दहा म्हणत होता."

"म्हणजे, तसं सरासरी..."

"काम चालू राहील. याच आकारात." अंबिकाबाईंनी कागदावर सही केली आणि मग त्या चक्क खुर्ची पुढे ओढून बसल्या. "फिनिशिंगवाले, लांबी आणलीय का? आता हे वरचं एक बुजवून दाखवा. हिरव्याचं काय होतं ते बघू या."

"हो, हो, अहवालाला फार उपयोगी पडेल," हेमचंद्र म्हणाले.

"एकच भोक, अप्पा," कालिंदीसुद्धा म्हणाली. तिचे डोळे लकाकत होते.

अप्पांनी तिघांकडे आळीपाळीने बघितलं.

"नाही," ते म्हणाले. "सहा आठवडे लागलेत ते ठरवायला. बुजवायचंच असेल, तर आधी कम्प्युटरला विचारून या."

आणि समितीची सभा संपायच्या आतच त्यांनी ठोकळा उचलून पुन्हा मांडीवर घेतला.