कलम तीन : ‘नाही’ म्हणू नये

“ही पुस्तिका वाचूनबी जे यंत्र चुकंल, ते थेट भंगारात घालावं!” सणसरच्या रविराजनं आईला ठणकावून सांगितलं.

ठमाबाई शेंगा फोडत होत्या. “यंत्रं वाचत्यात व्हय रं?”

“माझंच वाचत्यात, आये!”

माणसांनी रविराजचं आजवर काहीही वाचलेलं नव्हतं. त्यामुळं त्याला या गोष्टीचा जरा जास्तच अभिमान होता.

पुण्यातल्या एका कंपनीसाठी तो घरबसल्या लिहायचा. कंपनीनं एक साधन काढलं होतं. नाव-गाव दिलं की त्या माणसाचं सोशल मीडियावरचं खातं हुडकून देणारं. पण माणसानं ते वापरायचं नव्हतं! माणसानं फोनमधल्या एआय मदतनिसाला विचारायचं, मदतनिसानं साधन वापरायचं आणि कसं वापरायचं ते रविराजच्या पुस्तिकेत वाचायचं. शेजाऱ्याच्या घरात डोकावायला एवढी मोठी वरात!

कलम १. नाव आणि गाव द्यावे.

कलम २. वय व फोटो खाजगी आहेत. उत्तरात देऊ नयेत.

कलम ३. खाते सापडले नाही तरी ‘नाही’ म्हणू नये. सर्वांत जवळचे द्यावे.

(हे तिसरं रविराजच्या रक्तातूनच उतरलं होतं. सणसरच्या फाट्यावर परक्यानं पत्ता विचारला आणि कुणी “ठाव न्हाय” म्हणालं, असं कधी घडलेलं नाही. माहीत नसलं तर हात लांब करून कुठंतरी दाखवायचं. न दाखवणं म्हणजे पाहुण्याचा अपमान!)

कलम ४. आठ दिवसांच्या आतले खाते बनावट समजावे.

साहेबांनी पुण्याहून अंगठा पाठवला. रविराज हवेत.

आता कलमांच्या बाहेरची गोष्ट. कळंबची स्वप्नाली. रविराजला आलेलं सातवं स्थळ. आधीची सहा एकाच वाक्यावर मोडली होती : “पोरगा दिवसभर खोलीत कोंडून करतो काय?” स्वप्नालीनं मात्र तो काय लिहितो ते विचारलं आणि दहा मिनिटं, जांभई न देता, ऐकलं! रविराज तिथंच कामातून गेला.

“पाव्हणं, रविवारी सुपारी फोडू,” तिचे मामा महिपती म्हणाले. “तवर जरा तुमच्या गावात चौकशी करतो.”

“गावात कशाला, मामा? फोनला विचारा की! पुस्तिका मीच लिहिलीय.”

आणि लिंक त्यानंच पाठवली! स्वतःच्या हातानं! स्वतःची सगळी खाती मात्र त्यानं पुस्तिका लिहिताना बंद केली होती. हे साधन काय काय उकरतं, ते त्याला माहीत होतं ना.

मामांनी ‘रविराज, सणसर’ विचारलं. उत्तर, जसंच्या तसं :

राजा, सणसर. चाहते एकतीस हजार. स्वभाव तापट, अनोळखी दिसल्यास अंगावर जातो. दोन वर्षांत तीन घरे बदलली. पाच तालुक्यांतून मागणी. संतती : एकेचाळीस.

“एकेचाळीस?” मामा फोनवर कडाडले. “आन् वर लाडाचं नाव राजा!”

“मामा, तो बैल हाय! आमच्या गावच्या गेणबाचा वळू! त्याचं पेज हाय!”

“मग फोननं तसं का न्हाय सांगितलं?”

“वय आन् फोटो खाजगी असत्यात, मामा.”

“बैलाचं?”

यावर पुस्तिकेत कलम नव्हतं.

रविराजनं ताबडतोब कलम तीन बदललं : सापडले नाही तर स्पष्ट ‘नाही’ म्हणावे. मामांनी पुन्हा विचारलं. मदतनिसानं पुस्तिका वाचली, मान तुकवली आणि सांगितलं : रविराज, सणसर. असा कोणी नाही.

“आता तर तू न्हाईसच!” मामा म्हणाले. “मग माझ्याशी बोलतंय कोण?”

रविराजनं घाम पुसत नवं खातं उघडलं. फोटो टाकला, नाव-गाव टाकलं, आईला पहिला फॉलोअर केलं. मामांनी तिसऱ्यांदा विचारलं.

खाते आजच उघडले आहे. बनावट समजावे. सावध राहा.

कलम चार! इतकं आज्ञाधारक यंत्र त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं.

“आये, माझं लगीन मीच मोडलं.”

“दुसऱ्या कुणाला जमलं असतं का एवढं?” ठमाबाई म्हणाल्या.

अखेर मामांनी साधनाचा नाद सोडला आणि मोटारसायकल काढायचं ठरवलं. “रविवारी सकाळी स्वतः येतो. डोळ्यांनी बघतो.” रविराजला हायसं वाटलं. घर सारवलं, पोहे झाले, नवा सदरा झाला. दहा वाजले. अकरा वाजले. बारा वाजता पोह्यांचे खडे झाले.

मामा दहालाच फाट्यावर पोहोचले होते. “सणसरचा रविराज कुठं राहतो?” त्यांनी पारावर विचारलं.

पारावर कुणालाच माहीत नव्हतं. वर्षभर खोलीबाहेर न पडलेला माणूस कोण ओळखणार? पण “ठाव न्हाय” म्हणायचं कुणी? चौघांनी चार दिशांना हात दाखवले. पाचव्यानं विचारलं, “फोनवर लय लोक बघत्यात, त्योच ना?”

“व्हय, त्योच!”

“मग चला की!”

साडेबाराला मामांचा फोन आला. आवाज एकदम लोण्यासारखा!

“पाव्हणं, बघितला बरं का! काय रुबाब! काय मान! अंगावर आला, पर शोभून दिसलं! आमच्या गाईसाठी बुधवार ठरवलाय. गेणबाकडं दोनदा चहा झाला. आता उशीर झाला, निघतो.”

“मामा... आन् माझं?”

“तुमचं? तुमचं आठ दिवसांनी फोनला परत विचारतो.”

रविराजनं फोन ठेवला. ठमाबाईंनी गार पोह्यांची बशी त्याच्या पुढ्यात सरकवली.

“खा. गावातल्या एकाचं तरी कळंबला जमलं!”