रज्जाकभाईच्या पायऱ्या

रज्जाकभाईला दूध पाहायला सांगू नये. भाकरी टाकताना मी एकदा सांगितलं. हा माणूस घड्याळ बघायचा, मग चुलीकडे बघायचा, मग पुन्हा मान वळवून घड्याळ. दोन बघण्यांच्या मधे दूध चुलीत गेलं.

"मापं दूर दूर पडली, भाभी. जवळ जवळ घ्यायले पाहिजे होती."

"डोळा काहून हटवला पण?"

"कंप्युटर बी असंच पाहते."

मूर्तिजापुरात आमच्या भिंतीला लागून त्याचं घर, पुढे कॅसेटचं दुकान. कापसाला भाव नाही, त्यात सीडी आल्या. कॅसेट कोण घेणार? त्यानं अकोल्याहून जुना कंप्युटर आणला आणि लोकांच्या कॅसेटी सीडीवर उतरवू लागला. तेव्हापासून गल्लीला ताप. आवाज म्हणजे लाट, कंप्युटर सेकंदात हजारो वेळा तिची उंची मोजतो आणि प्रत्येक उंची ठरलेल्या पायऱ्यांपैकी जवळच्या पायरीवर बसवतो, हे मी आता झोपेतही सांगेन. अधलंमधलं त्याला चालत नाही. गुडघा थोडा दुखतो म्हटलं, तर "थोडा म्हणजे कोणत्या पायरीवर?" वरणात मीठ कमी, तर "किती पायऱ्या?"

त्याची बायको जुबेदा होती तोवर त्याला गप्प करायची, तेही हळूच बोलून. ती गेली आणि हा मोकाट सुटला.

परवा मला दुकानात बोलावलं. मी त्याच्यासाठी चहाचा कप घेऊनच गेले, कारण याचं बोलणं लवकर संपत नाही. कप टेबलावर तसाच ठेवून त्यानं कंप्युटर लावला. आतून माझाच आवाज. नळावर मी जुबेदाशी भांडत होते. तेव्हा नवा टेप तपासायला यानं ते कॅसेटवर भरून घेतलं होतं. चूक तिचीच होती, आजही सांगते.

"हे कशाले ठेवलं?"

"तिचा आवाज दुसऱ्या कशातच नाही, भाभी."

पण माझं बोलणं थांबलं की नुसतं सुनं.

"कुठी हाये ती?"

"तुमचा आवाज मावावा म्हणून सगळंच लहान केलं. जुना कंप्युटर, पायऱ्या थोड्या. तिचा पयल्या पायरीच्या खाली गेला. खाली गेलं का शून्य."

"मंग मोठं करा."

"तुमचा फाटंल. शेवटच्या पायरीच्या वर गेलेलं कापलं जाते. अन् कॅसेटीवरून पुन्हा उतरवा लागंल. फीत झिजली, आणखी एकडाव चालंल, मंग तुटंल. तुमाले न विचारता कसा फाडू?"

या माणसाचं काय करावं. "फाडा," मी म्हटलं.

त्यानं कॅसेट लावली. ती करकरत कशीबशी शेवटाला गेली. मग कंप्युटरवर ऐकलं. माझा आवाज पत्र्यावर गिट्टी ओतल्यासारखा. मी दम घ्यायला थांबले तिथे मात्र हळू, पण साफ:

"सुनो जी, वो टेप रखो. चाय ठंडी हो रही."

रज्जाकभाईनं टेबलावरचा कप ओढला आणि एक घोट घेतला.

"थंडा झाला असंल," मी म्हटलं.

"थोडासा," तो म्हणाला.