दारातला मोजणी-ठोकळा

मोजण्याच्या बाबतीत माझा हात धरणारा माणूस तुम्ही दिवा घेऊन शोधलात तरी सापडायचा नाही! सव्वीस वर्षं मी एका मोठ्या गोदामात मोजणीदार आहे. खोकी, पिंपं, पोती, खिळ्यांची पाकिटं, माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय एक नग शटर ओलांडत नाही. लोक जिना चढतात, मी पायऱ्या मोजतो. आमच्या जिन्याला सतरा पायऱ्या आहेत. शेजारी अठरा म्हणतात, पण शेजाऱ्यांचं काय घेऊन बसलात!

अशा माणसाला चार खोल्यांच्या एका खोट्या घरानं घाम फोडला. कसा, ते ऐका.

आमची लेक ठकी (हे लाडाचं नाव, खरं सांगितलं तर ती माझ्याशी बोलणं टाकेल) नकाशे काढायच्या नोकरीसाठी दूरच्या शहरात गेली. जाताना आम्हा दोघांना एक ठोकळ्यांचा खेळ लावून देऊन गेली. कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक मोकळं जग असतं. त्यात आपापली बाहुली असते. खणा, तोडा, ठोकळ्यावर ठोकळा चढवा आणि घर बांधा. रोज संध्याकाळी सात ते साडेसात मी बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटरवर, ही स्वयंपाकघरात टॅबलेटवर आणि ठकी तिकडे तिच्या शहरात. तिघांच्या कानाला हेडफोन. एरवी फोन केला की ठकी दुसऱ्या मिनिटाला म्हणायची, "बाबा, कामात आहे." खेळात मात्र पुरता अर्धा तास! आठ महिन्यांत एक खाडा नाही. खरं सांगतो, मी दिवसभर त्या सात वाजण्याकडे डोळे लावून बसायचो.

त्या खेळात दिवे आहेत, दारं आहेत, रूळ आहेत, मेंढ्यासुद्धा आहेत. मोजायला मात्र काहीही नाही! हे काही मला बघवेना. मी सरळ कंपनीला पत्र लिहिलं. "एक साधा ठोकळा करा. दाराच्या उंबऱ्यात बसवायचा. कोणी आत गेलं की आकडा एकानं वाढेल, बाहेर आलं की एकानं कमी होईल. कोणी पाय ठेवला की आकडा उजळेल. बस!" अर्धवट काम माझ्या स्वभावात नाही, म्हणून सोबत आमच्या गोदामातले हजेरीचे नियमही जोडले.

आठव्या दिवशी उत्तर! ठोकळे बनवणाऱ्या एका मुलीचं. मी तिला ठोकळेवालीच म्हणतो. "सर, कल्पना आवडली. नमुना म्हणून फक्त तुमच्या जगात ठोकळा ठेवला आहे. वापरून सांगा." मी ते पत्र तीन शेजाऱ्यांना वाचून दाखवलं. दोघांना ते ऐकायचं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी स्वतःच्या हातानं ठोकळा उंबऱ्यात बसवला आणि ऐटीत आत गेलो. माझ्या मागे ही, हिच्या मागे ठकी. वळून आकडा पाहिला.

चार.

"चार?" मी म्हणालो. "आपण तर तिघंच आहोत!"

"अहो, नीट मोजा," ही म्हणाली.

नीट मोजा! मला! मी सगळ्यांना बाहेर काढलं. आधी मी, मग ही, मग ठकी. गवतावर उभं राहून पुन्हा वळून पाहिलं.

एक.

दार बंद होतं. खिडकीत पिवळा दिवा जळत होता. आम्ही तिघं बाहेर होतो आणि घरात कोणीतरी एक जण होतं. मी खिडकीकडे बघत राहिलो आणि माझ्या खऱ्याखुऱ्या तळहातांना घाम आला.

"बंद करा तो खेळ!" ही म्हणाली. "आजच्या आज!"

"हो बाबा, आई बरोबर बोलतेय," ठकी म्हणाली. "पुसूनच टाकू ते घर."

या मायलेकींचं आजवर खिडकीच्या पडद्याच्या रंगावरसुद्धा एकमत झालेलं नाही, आणि इथे मात्र एका दमात झालं! खेळ गेला की तो अर्धा तास गेला, आणि मग लेक म्हणजे महिन्याकाठी चार वेळा 'कामात आहे' एवढीच उरणार. मी म्हणालो, "एका आकड्याला घाबरून घर सोडायचं? मला तीन दिवस द्या. आत कोण आहे ते मी शोधतो. नाही सापडलं, तर बंद करू खेळ." शब्द देऊन बसलो.

दुसऱ्या दिवशी झडती सुरू झाली. कपाटं फोडली, माळा उपसला, दिवा घेऊन तळघरात उतरलो. माझ्या मागे ही, हिच्या मागे ठकी, अगदी मुकाट्यानं. एवढ्या वर्षांच्या संसारात बायको माझ्यामागे न बोलता चालायची ही पहिलीच वेळ! मी थांबलो की त्या थांबायच्या. मी वळलो की दोघी हातभर अंतरावर उभ्या, पापणी न हलवता माझ्याकडे बघत. मी म्हणालो, "तुम्ही वरच थांबा." तरी दोघी एक शब्द न बोलता पायऱ्या उतरून माझ्या मागे आल्याच.

तेवढ्यात हेडफोनमध्ये आवाज आला. टक्. टक्. टक्. टक्. अगदी कानाशी कोणी लाकूड तोडावं तसा.

"ऐकलंत?" मी कुजबुजलो.

आवाज थांबला. मग ही म्हणाली, "काय?"

आणि मग एक बाईचा आवाज आला, हिचा नाही, ठकीचा नाही. "गप्प! ऐकू जाईल त्यांना."

"ठकी!" मी ओरडलो. "कुठे आहेस तू?"

थोड्या वेळानं धाप लागल्यासारखं उत्तर आलं. "इथेच आहे बाबा. तुमच्या मागेच."

मी हेडफोन काढून ठेवला आणि घरातले सगळे दिवे लावून पंख्याकडे बघत बसलो.

तिथून माझं डोकंच फिरलं. मी आमच्या खऱ्या दारातल्या चपला मोजायला लागलो, खुंटीवरचे टॉवेल मोजायला लागलो. गोदामात तीनशे चाळीस बादल्यांचा बरोबर आलेला ट्रक बघून ओरडलो, "एक जास्त आहे!" हमालांनी तीनदा मोजल्या. साहेब म्हणाले, "तुम्ही घरी जा." घरी गेलो तर शेजारी हजर. हिनं त्यांना सगळं सांगितलं होतं. माझ्या शेजारची रिकामी खुर्ची पुढे केली, तर तिच्याकडे बघून म्हणतात, "नको, उभाच बरा. तिच्यावर कोणी बसलं असेल तर?" आता माणसानं करावं तरी काय!

त्या संध्याकाळी मी आतल्या भिंती पाडल्या आणि तळघर मातीनं बुजवलं. लपायला उंदरालाही जागा उरली नाही. बाहेर आलो. आकडा एक. उघड्याबोडक्या घरात फक्त दिवा होता आणि आमच्याखेरीज कोणीतरी होतं.

शेवटच्या दिवशी दुपारी मी ठोकळेवालीला लिहिलं, "आत कोण आहे ते सांगा. माझ्या घराचा प्रश्न आहे." दहा मिनिटांत तिचा फोन!

"काका, कोणी नाही हो! तो ठोकळा स्वतःलाच मोजतोय. तुमच्याच पत्रात होतं ना, मोजणाऱ्यानं आधी स्वतःला मोजावं?"

मी कपाळावर हात मारला. आमच्याकडे संध्याकाळी शटर पाडताना मोजणीदार आधी स्वतःच्या छातीवर थाप मारून 'एक' म्हणतो, मग बाकीचे मोजतो. कारण पूर्वी एकदा सगळ्यांची मोजणी झाली, मोजणाऱ्याचीच राहिली, आणि त्या बिचाऱ्यानं अख्खी सुट्टी पिंपांमध्ये काढली. पोरीनं इमानेइतबारे तोच नियम ठोकळ्याला लावला होता!

"तो काढते मी आत्ता," ती म्हणाली. "आणि तुमचा दुसरा नियम राहिला होता, तोही घालते. कोट मोजायचा नाही, हा. फार आवडला मला."

आमचा एक कारकून खुर्चीला कोट अडकवून गायब व्हायचा. म्हणून नियम असा की खुर्चीवरचा कोट म्हणजे हजेरी नव्हे, माणूस जागेवर पाहिजे. आनंदाच्या भरात मी म्हणालो, "घाला, घाला! दोन्ही घाला!"

सात वाजता मी हेडफोनमध्ये जाहीर केलं, "भूतबीत काही नाही! ठोकळाच स्वतःला मोजत होता. आता बघा, बरोबर तीन येतील. घर राहिलं आपलं!"

मी आत गेलो. माझ्या मागे ही, हिच्या मागे ठकी. वळून पाहिलं.

एक.

मी पडद्यावर बोट ठेवून मोजलं. मी, ही, ठकी. बाहेर गेलो, परत आत आलो. एक. दोघी माझ्याकडे बघत उभ्या होत्या. आत्तापर्यंत घरात एक जास्त होता म्हणून मी घाबरलो होतो. आता घरात मी एकटाच होतो, आणि ते जास्त भयंकर होतं.

मग आठवलं. खेळात 'मागे चल' असं एक बटण आहे. ते दाबलं की आपली बाहुली आपोआप दुसऱ्याच्या मागे चालते, आपण हात मोकळे करून निघून जायचं. दोन्ही बाहुल्या म्हणजे खुर्चीवरचे कोट होते.

मी हेडफोन काढला. स्वयंपाकघरातून आवाज येत होता. टक्. टक्. टक्. ही भाजी चिरत होती. टॅबलेट पिठाच्या डब्याला टेकवलेला, आणि त्यात हिची बाहुली माझ्या बाहुलीच्या पाठीकडे बघत उभी.

"किती दिवस?" मी विचारलं.

"पाच महिने," ही सुरी न थांबवता म्हणाली. "स्वयंपाक कोण करणार? तुम्ही एकेक भिंत अर्धा अर्धा तास रंगवता! ठकीला वाईट वाटू नये म्हणून आपली बाहुली सोडून ठेवते. मला वाटलं, या चौथ्याच्या निमित्तानं तरी सुटका होईल."

मी ठकीला फोन लावला. मागे तिच्या ऑफिसचा गलका होता, आणि 'गप्प' म्हणणारी बाईही होती. ती शेजारच्या टेबलावर बसते म्हणे.

"बाबा, सातला आम्ही अजून कामातच असतो हो," ठकी म्हणाली. "पण आईला माझ्याशिवाय करमत नाही ना, म्हणून बाहुली फिरवत ठेवते."

"आईला तुझ्यासाठी, तुला आईसाठी," मी म्हणालो.

"आणि तुम्ही, बाबा?"

"मी खरंच खेळत होतो गं," मी म्हणालो.

तिकडचा गलका कमी झाला. ती उठून कुठेतरी बाहेर आली असावी. "रोज नाही जमणार बाबा," ती म्हणाली. "पण आत्ता बोलू? मी जिन्यात बसलेय."

"किती पायऱ्या आहेत?" मी विचारलं. तिनं मोजून सांगितल्या. मग चाळीस मिनिटं बोलत होती!

फोन कानाला धरूनच मी माझ्या बाहुलीचंही 'मागे चल' दाबून टाकलं, ठकीच्या बाहुलीमागे. आणि हिच्याशेजारी बसून शेंगा सोलायला घेतल्या. कॉम्प्युटर बंद करायचं राहूनच गेलं.

सकाळी ठोकळेवालीचं पत्र आलं होतं. "काका, तुमच्या घरातला ठोकळा काल संध्याकाळपासून शून्य दाखवतोय. पण आत तिघं जण एकमेकांच्या मागे गोल गोल फिरतायत. थांबतच नाहीत. इथे सगळ्यांनी बघितलं. आमची एक मुलगी रडायला लागली. तिथे नक्की काय झालंय?"

गोदामात जायला उशीर होत होता. पोरीचा जीव शांत व्हावा म्हणून मी घाईघाईत दोनच ओळी लिहिल्या. "अजिबात घाबरू नका. त्या घरात आता कोणी राहत नाही."

पत्र गेल्यावर मी ते पुन्हा वाचलं. त्याच दुपारी कंपनीनं ठोकळा खेळातून काढून टाकला.