बावणेकाकांचा इंटरव्ह्यू

आमच्या शेजारच्या बावणेकाकांच्या घरात इंटरव्ह्यू दिल्याशिवाय कुणालाही बसायला मिळत नसे. दारात उभं राहून ‘मे आय कम इन, सर?’ म्हणायचं, काकांनी मान हलवली की आत यायचं आणि ‘सिट डाउन’ येईपर्यंत खुर्चीला हात लावायचा नाही. गवळीसुद्धा यातून सुटला नव्हता. ‘तुह्या धंद्यातली कमजोरी सांग,’ असं विचारल्यावर तो बिचारा ‘पानी, साहेब’ म्हणून मोकळा झाला. खरं बोलला म्हणून काकांनी त्याला पास केलं आणि दूध त्याचंच चालू ठेवलं.

काका कोराडीच्या वीज केंद्रातून रिटायर झालेले. तिथे मुलाखतीच्या खोलीबाहेर बसून उमेदवारांची नावं पुकारायची, हे त्यांचं काम. ‘आत काय इचारते ते मले नाही मालूम,’ ते सांगत, ‘पन मानूस आत कसा जाते अन् बाहेर कसा येते, ते जल्मभर पाह्यलं.’ एवढ्या भांडवलावर त्यांनी अर्ध्या मोहल्ल्याला तयार केलं होतं.

एकाचा इंटरव्ह्यू मात्र त्यांनी घेतला नाही. त्यांच्या एकुलत्या एक मुलीनं, सुषमाताईनं, स्वतःच्या पसंतीनं कामठीच्या एका विणकराच्या मुलाशी लग्न ठरवलं. तो मुलगा दारात येऊन रीतसर ‘मे आय कम इन, सर?’ म्हणाला, तर काकांनी दारच लावून घेतलं. लग्न झालं, पण काका गेले नाहीत, आणि पुढे कामठीचं नाव त्या घरात निघालं नाही. काकू आधीच वारल्या होत्या, त्यामुळे समजूत घालायलाही कुणी नव्हतं.

बी.कॉम.नंतर मला एमबीएच्या मुलाखतीचं बोलावणं आलं. आमच्या आईला ते डॉक्टरकीतलंच काहीतरी वाटत होतं. काकांना मात्र आपलाच नंबर लागल्यासारखा आनंद झाला. रोज संध्याकाळी माझी तालीम सुरू झाली. ‘हात टेबलावर नोको टेकू वं. बापाचं टेबल हाय काय?’ उत्तर येत नसलं तर फेकायचं नाही, सरळ ‘नाही येत’ म्हणायचं. ‘कधी जॉइन होऊ शकता?’ असं विचारलं की समजायचं, काम झालं. आणि बाहेर पडताना ‘नेक्स्ट’ म्हणून पुकारा करायचा, ही खास काकांची पुरवणी. त्यांची ती जुनी सवय सुटली नव्हती, आता मलाही लागली.

खऱ्या मुलाखतीत तीन सर होते. एकानं संत्र्यांच्या बाजारभावावर काहीतरी अवघड विचारलं. मी घाबरून मराठीतच ‘नाही येत, सर’ म्हटलं. तिघंही हसले. बाहेर येताच माझ्या तोंडून खणखणीत ‘नेक्स्ट’ गेलं आणि बाकावरचा एक टायवाला मुलगा उठून थेट आत घुसला. नावं पुकारणारा शिपाई असा काही बघायला लागला की मी जिन्यावरून पळतच सुटले. तरी ॲडमिशन मिळाली.

पेढे घेऊन काकांकडे गेले, तर कडक इस्त्रीचा शर्ट घालून काकाच दारात उभे. ‘आज तू माह्या खुर्चीत बस,’ ते म्हणाले. ‘माहा इंटरव्ह्यू घे.’ मला आत बसवून त्यांनी बाहेरून दार ओढून घेतलं आणि टकटक केली.

‘मे आय कम इन, मॅडम?’

‘कम इन. कोणत्या पोस्टसाठी आलात?’ मी हसत विचारलं.

‘बापाच्या,’ काका म्हणाले. ‘सुषमाले पोरगी झाली म्हनते.’

माझं हसू पळालं. काका उभेच होते, कारण मी ‘सिट डाउन’ म्हटलं नव्हतं. म्हटल्यावर बसले. हात टेबलावर नव्हते, मांडीवर एकमेकांत घट्ट धरलेले होते. सुषमाताई जे विचारेल तेच मी विचारलं.

‘इतके दिवस काहून नाही आले, बाबा?’



‘नाही येत,’ ते म्हणाले. ‘याचं उत्तर मले नाही येत वं.’

मला त्यांची इतकी माया आली की मॅडमचा आव टिकवणं जड गेलं. पण पुढचा प्रश्न त्यांनीच शिकवून ठेवला होता.

‘कधी जॉइन होऊ शकता?’

काकांनी खुर्चीखालून संत्र्यांची पिशवी ओढली. ‘चारची बस हाय कामठीची,’ ते म्हणाले आणि निघाले. बाहेर पडताना ‘नेक्स्ट’ म्हणायला मात्र विसरले.