दमाची बदली

माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ चुकले असतील आणि अक्षर तर कोंबडीने माती उकरल्यासारखं आहे, त्याबद्दल माफी असावी. पण पहिल्या दोन ओळी जास्तच वाकड्या आल्या आहेत, तो दोष माझा नाही. मी ओट्यावर लिहीत बसले होते आणि शेजारच्या दगडूभाईंनी कुंपणावरून हात घालून माझं डावं मनगट धरलं. त्यांच्या दुसऱ्या हातात घड्याळ होतं. पूर्ण एक मिनिट त्यांनी नाडी मोजली. मग म्हणाले, "अठ्ठ्याऐंशी. काय लिव्हतीस?"

"वाणसामानाची यादी."

"यादीला सत्तर लागत्यात." त्यांनी मनगट सोडलं. "ऱ्हाऊ दे. मी इचारत न्हाई."

खंडाळ्याला रेल्वेलाइनच्या वरच्या अंगाला आमची पंधरा घरांची वस्ती आहे. मी बंगल्यांच्या चादरी धुऊन, इस्त्री करून पोचवते, म्हणजे गाठोडं घेऊन दिवसातून चार वेळा चढ चढते. दगडूभाई रेल्वेत कीमन होते. आपल्या वाट्याचा रूळ रोज पायी चालत जायचा, रूळ आवळून धरणारी लोखंडी चावी सैल झाली असेल तर हातोड्याने ठोकून बसवायची आणि परत यायचं, असं तीस वर्षं. निवृत्त झाले तेव्हा रूळ सुटला, तपासणी सुटली नाही. आता ते माणसांच्या नाड्या तपासतात.

त्यांची स्वतःची नाडी बसल्या जागी बावन्न आहे. हे दूधवाल्यापासून सगळ्यांना तोंडपाठ आहे, कारण सगळ्यांना ते सांगून झालं आहे. "इंजिन चालू हाय का बंद हाय, कळतच न्हाई," असं म्हणून ते स्वतःचं मनगट पुढे करतात. मोजायचं तर पूर्ण मिनिट. मी एकदा अर्धं मिनिट मोजून दुप्पट केली तर म्हणाले, "आर्धा रूळ बघून घरी आलीस व्हय?"

सुरुवातीला वस्तीतल्या बायका बिचकायच्या. परपुरुषाच्या हातात हात कसा द्यायचा? तेव्हा त्यांच्या बायकोनेच, आमिनाभाभींनी, दारातून सांगितलं, "द्या गं हात. तुमी न्हाई दिला तर दिवसभर माझाच धरून बसत्यात."

त्यांची एक वही आहे. आकडे त्यांना चांगले येतात, अक्षरं गिचमीड होतात, म्हणून लिहायचं काम माझ्याकडे आलं. "आकडं माझं, अक्षर तुझं," असा करार. त्या वहीत एका पोहणाऱ्या मुलाची नोंद आहे. रविवारी पॉइंटवर फिरायला आलेला तो मुलगा शेवटचा चढ चढून धापा टाकत होता. दगडूभाईंनी विचारलं, "व्यायाम कुठला करता?" तो म्हणाला, "रोज तासभर पोहतो, काका." दगडूभाईंनी मनगट धरलं. त्याच्याबरोबरची मुलगी मान पुढे करून म्हणाली, "काका, लग्नाचं काय दिसतंय?" तिला वाटलं, हे हात बघतात. दगडूभाईंनी मिनिट पूर्ण केलं. "लग्नाचं मला ठावं न्हाई. एकशे छप्पन हाय. जरा बसून घ्या."

दोन मिनिटांनी परत मोजली तर नव्वद. दगडूभाई पळतच आले. "सुमन, लिही. दम होता त्याच्याकडं. पाय नव्हते. पोहन्यातनं चढावर दमाची बदली होते, पन पुरी होत न्हाई."

हा बदलीचा शब्द त्यांचाच. एका कामात कमावलेला दम दुसऱ्या कामात चालतो का, हा त्यांचा प्रश्न. लोकांना वाटायचं, म्हाताऱ्याला खूळ लागलं. मला मात्र कारण माहीत होतं.

त्यांची एकुलती एक मुलगी परवीन तळेगावला राहते, नव्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर. लिफ्टच्या जागी फळ्या ठोकलेल्या आहेत आणि वर 'लवकरच' अशी पाटी आहे. पाटीचा रंग उडायला आला. आमिनाभाभींचे गुडघे दुखतात. गुडघ्यांमुळे चालणं सुटलं, चालणं सुटलं तसा दमही गेला. लेकीचं घर त्यांनी फोनमध्ये पाहिलेलं, डोळ्यांनी नाही. दर दुसऱ्या रविवारी दोघं जायचे आणि पार्किंगमध्ये वॉचमनने दिलेल्या दोन खुर्च्यांवर स्कूटरच्या मध्ये बसायचे. परवीन थर्मासमध्ये चहा घेऊन खाली यायची.

"पार्किंगात पावनी म्हनून किती दिस बसू?" भाभी मला म्हणायच्या. "मला एकदा तिच्या ओट्यावर माझ्या हातानं चहा करायचाय. बाकी काय बी नको."

डॉक्टरांनी गुडघे पाहिले. म्हणाले, जिने सध्या नकोत, सायकल चालेल. दगडूभाईंनी विचारलं, "सायकलचा दम जिन्याला चालतो का?"

"काही चालतो, सगळा नाही."

"काही म्हंजे रुपयात किती आणे?"

डॉक्टर हसले. दगडूभाई हसले नाहीत. बायकोला त्रास द्यायच्या आधी स्वतःवर तपासून बघायचं त्यांनी ठरवलं. पुतण्याची सायकल आणली आणि लोणावळ्यापर्यंत जाऊन आले. तीस वर्षं चाललेला माणूस, छाती एकदम शांत, पण परत येताना चढावर मांड्या अशा पेटल्या की सायकल हातात धरून चालत आले. मग सुदुंबऱ्याला भाभींच्या भावाच्या विहिरीत उतरले. लहानपणी तरंगायला शिकले होते तेवढंच. एका काठावरून दुसऱ्या काठाला जाईपर्यंत तोंडाला फेस. मेव्हणे वरून म्हणाले, "भाऊजी, बावन्न का?"

वहीत मी लिहिलं, 'पाणी. दम सगळा भांडणात गेला.' सांगितलं त्यांनीच.

त्यांनी मलाही सोडलं नाही. मी जन्मात सायकलवर बसले नव्हते. त्यांनी जुनी सायकल विटांवर उभी केली, मागचं चाक अधांतरी, आणि पायडल जड जावं म्हणून ब्रेक थोडा आवळला. पदर खोचून मी दहा मिनिटं पाय मारले. नाडी एकशे दहा. "गाठोड्याचा दम सायकलवर आला," ते म्हणाले. मग माझ्या थरथरत्या पोटऱ्यांकडे बघून त्यांनी ब्रेक ढिला केला.

शेवटी त्या सायकलवर भाभी बसल्या. पहिल्या दिवशी चार मिनिटांत डोळे पांढरे. "तीस वरीस रूळ ठोकला, आता मला ठोका," म्हणाल्या. पण उतरल्या नाहीत. दिवाळीनंतर सुरू केलेलं, संक्रांत येईतो अर्धा तास चालवायला लागल्या. पाय फिरवता फिरवता हँडलवर सूप टेकवून मेथी निवडायच्या आणि भाजीवाल्याशी भांडायच्या. भांडताना धाप लागत नाही हे दगडूभाईंनी खास नोंदवून घेतलं. एक दिवस त्यांनी जाहीर केलं, "बदली मंजूर."

रविवारी दोघं तळेगावला गेले ते संध्याकाळी तोंड पाडून परत आले. भाभींनीच मला सांगितलं. पहिला मजला झाला. दम मुळीच लागला नव्हता, नाडी अठ्ठ्याण्णव. पण मांड्या लटलट कापायला लागल्या आणि पाय उचलेना. त्या पायरीवरच बसल्या. एक बाई भाजीच्या पिशव्या घेऊन अंग चोरून वर गेली. मग परवीनच्या खांद्याला धरून खाली, परत त्याच खुर्चीवर.

दोन दिवस दगडूभाईंनी कुणाची नाडी पाहिली नाही. वस्तीला चुकल्याचुकल्यासारखं झालं. दूधवाला आपणहून मनगट पुढे करून गेला, तर दगडूभाईंनी दुधाचं भांडं पुढे केलं. तिसऱ्या दिवशी मला हाक मारली.

"लिही. बदली झाली, सामान आलं न्हाई."

"कसलं सामान?" मी विचारलं.

"माझी बदली झालती तवा पेटी नि वळकटी माझ्यासंगती आली. कपाट आनि शेळी चार म्हयन्यांनी आली. दम पेटीवानी हाय, जाशील तितं येतो. मांड्या म्हंजे कपाट. त्यास्नी येगळी गाडी लागती. माझी चूक झाली, मी पेटी बघून घर मांडलं."

त्यांनी परवीनला फोन करून पायरीची उंची मोजायला लावली. सात इंच. मग रुळाखालच्या लाकडी स्लीपरचा एक जुना तुकडा तासून बरोबर सात इंचांचा केला आणि उंबऱ्याशी ठेवला. डॉक्टरांना परत विचारलं. दुखलं की थांबायचं, ते म्हणाले. भाभी चौकट धरून वर चढायच्या, खाली उतरायच्या. आधी पाच वेळा, मग दहा. सायकल चालूच होती. होळीपर्यंत त्या एका दमात चाळीस वेळा चढायला लागल्या. चौथ्या मजल्याला बहात्तर पायऱ्या. आकडा दगडूभाईंना पाठ होता. मी एकदा विचारलं, "घर कसं आहे हो परवीनचं?" तर म्हणाले, "पायऱ्या बहात्तर, मधी वळनं सात." मला वाटलं, आकड्यांचा माणूस, त्याला भिंती कशा दिसणार?

पुढच्या खेपेला भाभींनी मला बरोबर नेलं. मी नको म्हणत होते. परक्या घरी मला बोलायला सुचत नाही. "बोलू नको. वही धर," त्या म्हणाल्या.

परवीन खाली घ्यायला आली होती. पुढे भाभी कठडा धरून, त्यांच्या मागे एका पायरीवर दगडूभाई, दोन्ही हात जरासे पुढे करून, मग परवीन आणि मी. मजला आला की थांबायचं, मिनिट मोजायचं, मी लिहायचं. अठ्ठ्याण्णव. एकशे चार. दुसऱ्या मजल्यावर भाभी म्हणाल्या, "मोजून झालं असंल तर सोडा, मला चढायचंय." तिसऱ्या मजल्याच्या वर, वळणावर एक खिडकी होती. दगडूभाई तिथे थबकले.

"हितनं डोंगर दिसतो व्हय," ते म्हणाले.

मी परवीनकडे पाहिलं. ती हळूच म्हणाली, "सुमनमावशी, अब्बा पण आज पहिल्यांदाच येतायत वर. मी किती भांडले. म्हणायचे, अम्मी बघंल तवाच मी बघीन. पायऱ्या मीच मोजून दिल्या होत्या."

तीस वर्षं घाट चालून काढलेला, बावन्न नाडीचा माणूस, दीड वर्ष पार्किंगच्या खुर्चीवर बसून राहिला होता.

चौथ्या मजल्यावर भाभींनी चपला काढल्या आणि कुणाला न विचारता सरळ स्वयंपाकघरात गेल्या. डबे उघडल्याचे आवाज आले. "साखर कुटं ठिवलीस गं?" परवीन आत पळाली.

दगडूभाई दाराबाहेरच होते. चपलेचा पट्टा सोडवत होते. त्या चपलेला पट्टाच नव्हता.

मी आपणहून कधी कुणाचा हात धरलेला नाही. त्या दिवशी त्यांच्या हातातलं घड्याळ घेतलं आणि त्यांचं मनगट धरलं. पूर्ण मिनिट मोजलं.

"किती?" त्यांनी खाली बघतच विचारलं.

"बावन्न," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. "बराबर हाय," म्हणाले, आणि आत गेले.

त्यांच्या वहीत तो आकडा नाही. इथे लिहून ठेवते. एकशे बारा.